परदेशी भाषेत एम.ए., पीएचडी करायची आहे, पण पैसे कुठून आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते. सुट्टीत 'एखादी भाषा शिकून बघू' म्हणून आलेली मुलं-मुली तीन-चार वर्षांत बी२पर्यंत (ए१ ते सी२ या युरोपीय भाषापातळ्यांतली चौथी पायरी) पोचतात. त्यांतलं कुणीतरी एक दिवस तास संपल्यावर रेंगाळतं आणि म्हणतं, "मॅडम, यातच पुढे शिकायचंय, पण खर्चाचं काय?" हल्ली हा प्रश्न नाशिक, कोल्हापूर, लातूर, मडगावहून मेलवरही येतो. बाकी भाषांचे शिक्षक मित्र-मैत्रिणी मदतीला आहेत, त्यामुळे जर्मनबाहेरच्या शंकाही इथे घेतल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. 'परदेशी भाषा शिकण्यासाठी' असं थेट नाव असलेला पैसा फार थोडा आहे. तो संशोधन, अध्यापन, दोन देशांतले सांस्कृतिक संबंध किंवा सामाजिक न्याय या शीर्षकांखाली ठेवलेला असतो. तिथे शोधलात तर सापडतो. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

१. स्कॉलरशिप, फेलोशिप, अधिछात्रवृत्ती, असिस्टंटशिप, लोन स्कॉलरशिप. हे सगळं एकच का?

नाही, आणि या गोंधळात लोकांचं नुकसान होतं. स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती: शिकण्यासाठी दिलेला, परत न करायचा पैसा. फेलोशिप बहुधा संशोधनासाठी, म्हणजे पीएचडीच्या टप्प्यावर मिळते. सरकारी मराठीत तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात. राज्याच्या संकेतस्थळांवर 'फेलोशिप' शोधून काही मिळालं नाही तर हा शब्द टाकून बघा. असिस्टंटशिपमध्ये तुम्ही विद्यापीठात शिकवता किंवा प्राध्यापकांचं काम करता आणि त्याचा मोबदला घेता.

लोन स्कॉलरशिप हे मात्र कर्जच आहे. मुंबईतली जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करते. तिची मदत, तशीच के. सी. महिंद्रा किंवा नरोत्तम सेखसरिया या संस्थांची मुख्य योजना, परतफेडीची असते. बँकेच्या कर्जापेक्षा त्यांच्या अटी पुष्कळ सौम्य आहेत आणि या संस्थांनी अनेक घरांतली पहिली परदेशवारी शक्य केली आहे. पण 'स्कॉलरशिप मिळाली' असं घरी सांगण्याआधी परतफेडीचं पान आई-वडिलांसोबत बसून वाचा.

२. भारतातच परदेशी भाषेत एम.ए. करायचं असेल तर फेलोशिप मिळते का?

एम.ए.च्या टप्प्यावर फेलोशिप जवळजवळ नाहीच. इथे मुळात शुल्क कमी असलेली जागा शोधायची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई विद्यापीठात कलिनाला भाषांचे विभाग आहेत, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि फ्रेंच आहे. राज्याबाहेर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) ही दोन केंद्रीय विद्यापीठं. जेएनयूचं शुल्क इतकं कमी आहे की खरा खर्च वसतिगृह आणि मेसचाच उरतो. तिथले एम.ए. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतात.

महाराष्ट्रात शिकत असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शुल्क सवलतीच्या योजना परदेशी भाषेच्या एम.ए.लाही लागू होऊ शकतात. पुष्कळांना वाटतं त्या फक्त इंजिनिअरिंग-मेडिकलसाठी असतात. तसं नाही. प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारा, कारण पोर्टल बंद झाल्यावर कुणाचं काही चालत नाही.

३. नेट-जेआरएफ म्हणजे नेमके किती पैसे, आणि कधीपासून?

भारतात भाषेत संशोधन करणाऱ्यासाठी हा सगळ्यांत भक्कम आधार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यूजीसी-नेट (विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. दोन पेपर, एकूण ३०० गुण. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, दुसरा तुमच्या विषयाचा. जर्मनचा दुसरा पेपर जर्मनमध्येच असतो आणि त्यात साहित्याचा इतिहास, भाषाविज्ञान, अध्यापनपद्धती हे सगळं येतं. बोलता उत्तम येतं म्हणून हा पेपर सुटत नाही. एम.ए.ला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना ५०), आणि अंतिम वर्षाला असतानाही बसता येतं.

जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे प्रगती समाधानकारक असेल तर एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,०००. एकूण मुदत पाच वर्षं. वसतिगृह मिळालं नसेल तर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता, आणि पुस्तकं-प्रवासासाठी मानव्यविद्यांत सुरुवातीला वर्षाला १०,००० व नंतर २०,५०० रुपये आकस्मिक खर्च.

आता दोन खाचखळगे. पहिला असा, की पैसे निकालाच्या दिवशी सुरू होत नाहीत. पीएचडीला प्रवेश मिळून नोंदणी झाल्यावर सुरू होतात. परदेशी भाषांत मान्यताप्राप्त गाइड मोजके, त्यांच्याकडच्या जागा त्याहून मोजक्या. जेआरएफचं पत्र हातात घेऊन वर्षभर गाइड शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत आणि ते पाहून जीव तुटतो. म्हणून नेटचा अभ्यास सुरू करतानाच कुणाकडे जागा रिकामी होणार आहे याची चौकशी सुरू करा.

दुसरा असा, की जेआरएफच्या जागा विषयवार वाटताना परीक्षार्थींची संख्या पाहिली जाते. परदेशी भाषांना बसणारे थोडे, त्यामुळे जागाही थोड्या. नुसती नेट झाली आणि जेआरएफ हुकली तर पुन्हा बसा. वयाचं गणित प्रश्न ६ मध्ये आहे.

४. मी कोरियन शिकते. नेटच्या यादीत कोरियन दिसत नाही. मग?

नेटच्या यादीत जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जपानी, चिनी, अरबी, फारसी या भाषा स्वतंत्र विषय म्हणून आहेत. भाषा यादीत नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे भाषाविज्ञान किंवा तौलनिक साहित्य या विषयातून नेट देणं. त्यासाठी एम.ए.चा विषय आणि नेटचा विषय यांचा मेळ बसतो का, हे माहितीपत्रकात तपासा. दुसरी वाट म्हणजे केंद्रीय विद्यापीठात पीएचडी. तिथे जेआरएफ नसलेल्यांना दरमहा ८,००० रुपयांची नॉन-नेट फेलोशिप असते. ८,००० रुपयांत दिल्लीत राहता येतं ते फक्त वसतिगृह मिळालं तरच. कोरियनसाठी खरं तर प्रश्न ९ मधली कोरियन सरकारची शिष्यवृत्ती जास्त सरळ आहे.

५. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप भाषेच्या पीएचडीला मिळतात का? की फक्त विज्ञानाला?

या तिन्ही राज्य सरकारच्या संस्था. विषयाचं बंधन विज्ञानापुरतं नाही. भाषेत पीएचडीला नोंदणी झालेल्यांनीही अर्ज करायचा. पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची अधिछात्रवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, सारथीची छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची मराठा-कुणबी उमेदवारांसाठी, आणि नागपूरच्या महाज्योतीची महात्मा फुल्यांच्या नावाची इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी. तिन्हींकडे पीएचडीची नोंदणी आधी झालेली लागते.

जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रिमी लेयर, डोमिसाइल हे दाखले पीएचडीच्या मुलाखतीच्या आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात गर्दी होते आणि मुदत कुणासाठी थांबत नाही.

मुलींसाठी आणखी एक: आई-वडिलांची एकुलती मुलगी असाल आणि पूर्णवेळ पीएचडी करत असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. जुळ्या बहिणींनाही ती लागू होते. भाषेच्या विभागांत मुलींची संख्या मोठी आहे, तरी ही योजना ठाऊक असलेल्या फार थोड्या भेटतात.

६. माझं वय ३१ आहे. आता उशीर झाला का?

योजनेनुसार उत्तर बदलतं. जेआरएफची मर्यादा ३० वर्षं, पण महिला, इतर मागास (नॉन-क्रिमी लेयर), अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. नुसत्या नेटला वयाची अट नाही. जपानची संशोधन शिष्यवृत्ती ३५ च्या आत, कोरियाची पदव्युत्तर ४० च्या आत. फ्रान्सची आयफेल सगळ्यांत कडक, मास्टर्ससाठी २५ पर्यंतच. जर्मनीचं डाड (डीएएडी, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) वय विचारत नाही, शेवटची पदवी मिळून साधारण सहा वर्षांहून अधिक काळ गेलेला नको एवढं पाहतं. त्यामुळे नोकरी करून तिशीत एम.ए. केलेल्या माणसाला जर्मनीचं दार उघडं असतं.

७. जर्मनीत तर शिक्षण फुकट आहे म्हणतात. मग स्कॉलरशिप कशाला हवी?

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, हे खरं. सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं, त्यात बहुधा प्रवासाचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग ही जर्मन साहित्याच्या अभ्यासाची नावाजलेली ठिकाणं नेमकी याच राज्यात आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

खरा खर्च राहण्या-जेवणाचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. डाडच्या मास्टर्स शिष्यवृत्तीची मासिक रक्कमही ९९२ युरोच आहे, वर आरोग्यविमा आणि प्रवासखर्चाची मदत. शिष्यवृत्तीचं पत्र असलं की ती रक्कम खात्यात अडकवावी लागत नाही. मध्यमवर्गीय घरासाठी हा फरक दहा लाखांहून जास्त रुपयांचा आहे.

डाड मिळाली नाही तर हाइनरिश ब्योल, कोनराड आडेनाउअर, फ्रीडरिश एबर्ट अशी राजकीय विचारधारांशी जोडलेली प्रतिष्ठानं परदेशी विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्ती देतात. तिथे गुणांइतकंच सामाजिक काम पाहतात. गावातलं वाचनालय चालवलंत, एनएसएसमध्ये खरोखर राबलात, तर ते इथे लिहा. या अर्जांना साधारण बी२ किंवा त्याहून वरचं जर्मन लागतं आणि भाषेच्या विद्यार्थ्याची बाजू नेमकी तिथेच वरचढ असते.

एक कळकळीची सूचना. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) लागतं, शुल्क १८,००० रुपये. ते विद्यापीठाच्या अर्जाच्या आधीच मागवा. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रवेशपत्र आल्यावर एपीएससाठी धावाधाव केली आणि तिचं एक सेमिस्टर गेलं. मुलगी हुशार होती, चूक आम्हा शिक्षकांची. आम्ही तिला वेळेत सांगितलं नाही.

८. जपानी एन२ (जेएलपीटी या जपानी भाषा परीक्षेची वरून दुसरी पातळी) झालं आहे. मॉनबुशो मिळेल का?

जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या या शिष्यवृत्तीत दोन दारं भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं, 'जॅपनीज स्टडीज'. हे जपानबाहेरच्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीला शिकत असलेल्यांसाठी आहे. साधारण एक वर्ष जपानी विद्यापीठात राहायचं, पदवी मिळत नाही, परत येऊन आपली पदवी पूर्ण करायची. पदवी आधीच झाली असेल तर हे दार बंद.

दुसरं, 'रिसर्च स्टुडंट'. पदवीनंतरचं. विद्यापीठाचं शुल्क माफ, येण्या-जाण्याचं विमानभाडं आणि दरमहा सुमारे १,४३,००० ते १,४५,००० येन. कागदपत्रांची छाननी, मग जपानी आणि इंग्रजीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. 'रिसर्च स्टुडंट' म्हणून पोचलात की लगेच मास्टर्स सुरू होतं असं नाही. तिथल्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पास झालात की मास्टर्सचे विद्यार्थी होता, आणि शिष्यवृत्ती पुढे वाढवून मागता येते. ही परीक्षा हलक्यात घेऊ नका.

एन२ पुरेसं आहे का? जपानी साहित्य किंवा भाषाविज्ञानात संशोधन करायचं तर एन१च्या दिशेने चालत राहा. पण निवड अडते ती बहुतेकदा संशोधन आराखड्यावर, त्यासाठी प्रश्न १३ वाचा. आधीची पदवी दुसऱ्याच विषयातली असेल तर प्रश्न १५.

९. फ्रेंच, कोरियन, रशियन, पोर्तुगीज: यांचं थोडक्यात सांगाल का?

फ्रान्सच्या आयफेल शिष्यवृत्तीत 'फ्रेंच इतिहास, भाषा आणि संस्कृती' हे क्षेत्र आहे. मास्टर्सला महिना सुमारे १,२०० युरो. अर्ज तुम्ही थेट करत नाही, फ्रेंच विद्यापीठ तुमचं नाव पाठवतं, म्हणून शरद ऋतूतच विभागाशी पत्रव्यवहार सुरू करावा लागतो. फक्त भारतीयांसाठीची शार्पाक ही वेगळी योजना फ्रेंच दूतावास चालवतो.

कोरिया: ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप. आधी एक वर्ष भाषा, मग पदवी. टोपिक या कोरियन भाषा परीक्षेची पाचवी पातळी किंवा वर असेल तर भाषेचं वर्ष माफ. साधारण ८० टक्के गुण लागतात.

रशिया: सरकारी कोट्यातून शुल्क माफ होतं, पण विद्यावेतन फार थोडं आणि विमानभाडं आपलं. मुंबईच्या रशियन हाउसमध्ये चौकशी करा.

पोर्तुगीज शिकणाऱ्यांसाठी गोव्यासारखी जागा नाही. पणजीत पोर्तुगीज सरकारच्या कामोईश संस्थेचं भाषाकेंद्र आहे, फुंदासांव ओरिएंत हे पोर्तुगीज प्रतिष्ठान आहे, आणि विद्यापीठात विभाग आहे. लिस्बनच्या शिष्यवृत्त्यांची बातमी तिथेच आधी पोचते.

युरोपात एकाहून जास्त देशांत शिकायचं तर युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतल्या संयुक्त मास्टर्सकडे बघा. महिना १,४०० युरो, कमाल २४ महिने. कोशविज्ञान, भाषा-तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम त्यात चालत आले आहेत. मराठी कोशाचं काम ज्यांना खुणावतं त्यांनी कोशविज्ञानाचा विचार जरूर करावा.

१०. अमेरिकेत जर्मन किंवा फ्रेंचची पीएचडी करायला भारतीयाला कुणी पैसे देईल का?

हो, आणि कारण सोपं आहे. तिथल्या विद्यापीठांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश शिकवायला माणसं लागतात. पीएचडीचे विद्यार्थी ते वर्ग घेतात. बदल्यात शुल्क माफ, आरोग्यविमा आणि विद्यावेतन. काही राज्य विद्यापीठांत मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनाही ही टीचिंग असिस्टंटशिप मिळते. तुमची मातृभाषा जर्मन नाही, हा इथे दोष धरला जात नाही. स्वतः परकी भाषा म्हणून शिकलेला माणूस चुका कुठे होतात हे ओळखतो. पुण्यात क्लास घेतले असतील तर ते अर्जात ठळकपणे, तासांच्या हिशोबासकट लिहा.

अर्जासोबत त्या भाषेत लिहिलेला पंधरा-वीस पानांचा निबंध लागतो. मुदती डिसेंबर-जानेवारीत. अर्ज-शुल्क जड वाटत असेल तर माफीसाठी विभागाला मेल करा, विचारण्यात कमीपणा नाही. २०२५ पासून काही अमेरिकी विद्यापीठांनी मानव्यविद्यांतले पीएचडी प्रवेश कमी केले किंवा एखाद्या वर्षापुरते थांबवले. त्यामुळे विभाग या वर्षी विद्यार्थी घेतो आहे का, हे अर्जाआधी विचाराच.

११. फ्लास फेलोशिपबद्दल वाचलं. आम्ही पुण्यात आहोत, अर्ज करू शकतो का?

नाही. फ्लास म्हणजे 'फॉरेन लँग्वेज अँड एरिया स्टडीज', अमेरिकी सरकारची फेलोशिप. ती अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये एक शिक्षण कायदा केला, त्यातून ही योजना जन्मली. जगातल्या कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषा जाणणारी माणसं तयार करणं हा तिचा हेतू.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांतून हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर वेगळं असतं. तिथे वाढलेल्या मुलीला दक्षिण आशियाई अभ्यासात मास्टर्स करताना मराठी शिकायची असेल तर याच प्रकारचा पैसा उपयोगी पडत आला आहे. पण २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने या योजनेचा निधी थांबवला आणि विद्यापीठांना पुढच्या फेलोशिप रद्द कराव्या लागल्या. पुढे काय होतं ते विद्यापीठाच्या दक्षिण आशिया केंद्रालाच विचारा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्यात मराठीचे वर्ग चालवते आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फेलोशिपही देते, तीही बघा.

१२. अर्जाच्या वेळी भाषेचं प्रमाणपत्र हातात नसेल तर 'लवकरच देईन' असं चालतं का?

क्वचित. उलट मोजणी करा. जेएलपीटीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये. जुलैचा निकाल ऑगस्टअखेर, डिसेंबरचा जानेवारीअखेर. म्हणजे एप्रिल-मेमध्ये अर्ज करायचा तर डिसेंबरची परीक्षा ही शेवटची संधी. जर्मनमध्ये विद्यापीठ प्रवेशाला सहसा टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी, डीएसएच-२ (जर्मन विद्यापीठांची स्वतःची भाषापरीक्षा) किंवा ग्योथे इन्स्टिट्यूटचं (आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन) सी१/सी२ असं काहीतरी मागतात. मॅक्स म्युलर भवनात परीक्षेच्या जागा लवकर भरतात, तारखा जाहीर होतात त्याच दिवशी नोंदणी करा.

१३. संशोधन आराखडा आणि एसओपी (हा अभ्यास का करायचा हे सांगणारं निवेदन) यांत काय लिहायचं? नमुना पाठवाल का?

नमुना पाठवत नाही, रागावू नका. शंभर जणांनी एकच नमुना फिरवला की शंभरही अर्ज एकसारखे दिसतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. पण विचार कसा करायचा ते सांगते.

बहुतेक मसुदे 'मला लहानपणापासून भाषांची आवड आहे' असे सुरू होतात. ती ओळ काढून टाका आणि एक खराखुरा प्रश्न ठेवा, जो तुम्हाला मराठी येते म्हणूनच पडला. मराठीत आपण 'मला हे आवडतं' म्हणतो: आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. जर्मन 'गेफालन' क्रियापदाचीही रचना तीच. मग मराठी मुलांना ते क्रियापद इंग्रजीतून समजावताना आपण सोपी गोष्ट अवघड करतो का? मराठीत तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन. मराठी विद्यार्थ्याला त्याचा फायदा होतो की शब्दांची लिंगं जुळत नाहीत म्हणून गोंधळच वाढतो? जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि शब्दयोगी नामानंतर येतं, आपल्यासारखंच. मग पुण्यातली जपानीची पुस्तकं इंग्रजीच्या आधाराने का चालतात?

असा एक प्रश्न, त्यावर आधी काय काम झालं आहे ते, तुम्ही सामग्री कुठून गोळा करणार, आणि हे काम त्याच देशात, त्याच प्राध्यापकांकडे का करायचं, एवढं नीट लिहिलं की आराखडा उभा राहतो. भाषांतरावर काम करायचं असेल तर कोणता मजकूर, कोणत्या काळातला आणि आधीची भाषांतरं कोणती हे नावानिशी लिहा. 'मराठी आणि जर्मन साहित्याचा तौलनिक अभ्यास' एवढ्यावर कुणी पैसे देत नाही. तो विषय एका आयुष्यात मावणारा नाही.

१४. शिफारसपत्र कुणाचं घ्यावं? आमचे सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो.

ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिने विद्यार्थ्याचंच नुकसान होतं. पत्राची भाषा आणि एसओपीची भाषा एकच निघते. सरांना नम्रपणे सांगा, "सर, मी मुद्दे काढून देतो, पत्र तुम्ही लिहा." एका पानावर तुम्ही त्यांच्याकडे काय शिकलात, कोणता निबंध लिहिलात, वर्गात कोणती चर्चा घडली, हे तारखांसह द्या. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा तुमचे चार निबंध तपासलेली शिक्षिका केव्हाही चांगली.

१५. मी बी.कॉम. आहे, पण जर्मन सी१ आहे. जर्मनमध्ये मास्टर्ससाठी स्कॉलरशिप मिळेल?

थेट अवघड आहे. प्रमाणपत्र भाषा येते हे सांगतं, त्या विषयाचा अभ्यास केला हे सांगत नाही. जर्मन विद्यापीठं साहित्य-भाषाविज्ञानातले क्रेडिट मोजतात आणि जपानची संशोधन शिष्यवृत्ती आधीच्या अभ्यासाशी नातं असलेला विषय मागते. बहुतेकांना सोसणारी वाट अशी: भारतात त्या भाषेत एम.ए. (प्रश्न २), कारण आपल्याकडे काही विभाग दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांना भाषेच्या ठरावीक पातळीवर प्रवेश देतात. मग बाहेर. दोन वर्षं जातात खरी, पण त्या दोन वर्षांत नेटही होते. दुसरी वाट म्हणजे दोन्ही ज्ञान जोडणारा अभ्यासक्रम: परकी भाषा म्हणून जर्मनचं अध्यापन, व्यावसायिक भाषांतर, आंतरसांस्कृतिक संवाद.

१६. जेआरएफ घेत असताना संध्याकाळी क्लास घेतले तर चालतं का? किंवा दुसरी स्कॉलरशिप घेतली तर?

दुसरी फेलोशिप किंवा पगारी नोकरी करत नाही, असं हमीपत्र तुम्ही देता. त्यावर सही केल्यावर दुसरीकडून मासिक मानधन घेऊ नका, नंतर वसुली होते. बार्टी-सारथीसारख्या योजनांतही हेच. परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यापीठाला लेखी कळवून कोणती ठेवायची ते ठरवा. शुल्क सवलत आणि मासिक फेलोशिप या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र चालतात का ते त्या-त्या नियमात पाहावं लागतं. जर्मनीत स्वतःच्या खर्चाने शिकत असाल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

१७. फेलोशिपवर आयकर लागतो का?

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१६) खाली करमुक्त ठरवली होती. अमेरिकेतल्या असिस्टंटशिपचा पैसा हा कामाचा मोबदला, त्यामुळे तिथे करपात्र.

१८. सरकारी परदेश शिष्यवृत्तीला भाषेचा विषय चालतो का? माझा विषय मराठी दलित साहित्याची युरोपीय भाषांतरं असा आहे.

हा खरोखर नाजूक प्रश्न आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत. रक्कम भरघोस: शुल्क, विमानभाडं आणि निर्वाहासाठी वर्षाला १५,४०० डॉलर किंवा ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड. पण २०२२-२३ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय यातून वगळले आहेत. ज्या समाजांच्या लेखणीने मराठी साहित्य बदललं, त्यांच्याच मुलांना त्या साहित्यावर परदेशात काम करायला या योजनेतून पैसा मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या विषयाचा भार जर्मन किंवा फ्रेंच भाषेवर, तिथल्या प्रकाशनव्यवहारावर आणि भाषांतराच्या सिद्धांतावर असेल, तर तो परकी भाषा व भाषांतर अभ्यासाचा विषय म्हणून प्रामाणिकपणे मांडता येतो. नसेल तर ओढूनताणून वळवू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या अटी वेगळ्या आहेत. जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश ही त्यातली मुख्य. डाडकडे विषयावर असं बंधन नाही.

१९. मी इतिहासाचा विद्यार्थी. मराठेशाहीसाठी फारसी आणि पोर्तुगीज कागद वाचायचे आहेत. मला भाषेची फेलोशिप कुठे?

तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. पणजीच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज दस्तऐवज आणि ठिकठिकाणचे फारसी कागद वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तुम्ही भाषेची वेगळी फेलोशिप शोधू नका. इतिहासात नेट-जेआरएफ किंवा प्रश्न ५ मधली अधिछात्रवृत्ती घ्या आणि संशोधन आराखड्यात भाषाशिक्षणाचं पहिलं वर्ष उघडपणे लिहा. पोर्तुगीजसाठी प्रश्न ९ मधली गोव्याची केंद्रं आहेत. गाइड नेमताना त्यांना ती भाषा येते का, नसेल तर सह-मार्गदर्शक मिळेल का, हे आधी विचारा.

२०. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार. घरचे म्हणतात आता कंपनीत लाग.

कंपनीत लागा. पुण्यात जर्मन-जपानी येणाऱ्याला बरी नोकरी मिळते आणि तिने अर्ज कमकुवत होत नाही. डाडची सहा वर्षांची मुदत, जपानची ३५ ची मर्यादा पाहून एका कागदावर लिहून ठेवा, तुमच्याकडे अजून किती फेऱ्या आहेत. नकाराच्या पत्रात कारण नसेल तर आराखडा त्या विषयातल्या दोन माणसांना वाचायला द्या, त्यातलं एक तुम्हाला न ओळखणारं असू दे. शनिवारी एखाद्या मराठी शाळेत फुकट का होईना तास घ्या, एखादी कथा भाषांतरित करून नियतकालिकाला पाठवा. तिसऱ्या अर्जात दुसऱ्यापेक्षा काय नवीन आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं की पाठवा. मसुदा मला मेल केलात तर मी वाचते, उत्तराला दहा-बारा दिवस लागतात. डिसेंबरात थोडे जास्त, कारण तेव्हा सगळ्यांचेच अर्ज असतात.